हार्प बोलायला लागला तेव्हा

ताईला साठ पूर्ण व्हायला चार महिने उरले होते. आमच्या वाद्यवृंदाचा नियम सरळ आहे: साठ झाली की निरोप, आणि वाद्य संस्थेचं असेल तर ते संस्थेतच राहतं. व्हायोलिनवाले आपापली पेटी उचलतात आणि चालू लागतात. ताई वाजवते तो हार्प, माणसाहून उंच तारांचं वाद्य, मात्र संस्थेचा. विकत घ्यायचा म्हटला तर राहतं घर विकावं लागेल, मग तो ठेवायचा कुठे, असं ताई सगळ्यांना हसत सांगायची. हसणं लोकांसमोर. घरी जेवायला बसलो की टेबलाच्या कडेवर तिची बोटं तारा शोधत असायची, ते मी बघत होतो.

मी तिचा धाकटा भाऊ. त्याच सभागृहात वाद्यं आणि खुर्च्या हलवायचं काम करतो. सव्वीस वर्षं ते सत्तेचाळीस तारांचं धूड मीच ढकलगाडीवरून तिच्यापुढे नेऊन ठेवतोय. आणि ताईचं काम काय, तर वीस मिनिटं मात्रा मोजत बसायचं, मग चार सुंदर सूर वाजवायचे आणि पुन्हा मोजत बसायचं. "तुला बसायचाच पगार मिळतो," असं मी चिडवायचो. ती म्हणायची, "चुकून लवकर वाजव एकदा, मग कळेल."

अशात एक नवी रचना आली. रचना करणाऱ्या बाई स्वतःच तालमीला आल्या, गळ्यात चष्मा अडकवलेल्या, बोलायला मवाळ. कागदावर सुरांपेक्षा सूचनाच जास्त. तारांमध्ये कागदाची पट्टी ओवा. खालच्या जाड तारांवर तळहात मारा, म्हणजे त्या एकमेकींवर आपटून गडगडाट होईल. सूर लावायची किल्ली वाजत्या तारेवर सरकवा, म्हणजे सूर रडल्यासारखा घसरेल. ताईच्या तोंडचं पाणी पळालं.

"माझ्याच्यानं हे व्हायचं नाही," ती मला म्हणाली. "ज्याला नख लागू दिलं नाही, त्याला चापट्या मारू?"

"मग नाही म्हणून सांग. दुसरीला बोलावतील."

दुसरीला बोलावलं असतं तर उरलेले चार महिनेही हातचे गेले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच ती तालमीच्या खोलीत जाऊन बसली.

हात एक वेळ ऐकत होते. पाय ऐकेनात. हार्पला खाली सात पायपट्ट्या असतात, आणि प्रत्येकीला तीन खाचा. पट्टी खाचेत नीट बसली की सूर स्वच्छ येतो. ती मध्येच लटकत राहिली तर तार घरघरते, आणि ही घरघर म्हणजे हार्पवाल्याची अब्रू गेली. बाईंना नेमकी तीच हवी होती. ताईचा पाय तर एकतीस वर्षांच्या सवयीने आपोआप खाचेत जाऊन बसायचा. तिने बूट काढले, मग मोजेही काढले. अनवाणी पायाने ती पट्टी अर्ध्यात धरून ठेवायची, पिंडरीत गोळा येईपर्यंत.

यात मी माझी अक्कल पाजळली. एकदा दाराबाहेरून जाताना पायपट्ट्या धपधप आपटताना ऐकल्या. मला वाटलं, आवाज दाबायला खाली लावलेला नमदा, म्हणजे लोकरीची जाड पट्टी, झिजला. ताईला त्रास नको म्हणून तिच्या जेवणाच्या सुट्टीत मी सातही पट्ट्यांखाली नवा, जाड नमदा चिकटवून टाकला. वर कौतुकाची वाट बघत उभा राहिलो.

ती आली, पट्टीवरचा पाय एकदम सोडला. काहीच आवाज नाही. पुन्हा सोडला.

"कुणी हात लावला याला?"

"मी. आता बघ कसा गुपचूप चालतोय."

"अरे, ती धप लिहिलेली आहे." तिने कागद माझ्या नाकासमोर धरला. खरंच लिहिलेली होती, अकरा ठिकाणी. मग मी मुकाट्याने कचऱ्याच्या डब्यातून जुना नमदा शोधून काढला आणि दुपारभर जमिनीवर पालथा पडून परत बसवला. ती वर स्टुलावर बसून होती. आधी मला भरपूर बोलली, मग हार्पवरून हात फिरवत राहिली.

"सव्वीस वर्षं तू आणि एकतीस वर्षं मी," ती म्हणाली, "दोघांनी मिळून याला गप्पच बसवलं रे. आता कुठे हा बोलायला लागलाय, आणि माझी जायची वेळ झाली." मी खाली होतो ते बरंच झालं.

त्यानंतर ती सुट्टीच्या दिवशीही यायला लागली. घरी आली की बोटांवरचे घट्टे दाखवायची. वाजवणं थांबलं की महिन्याभरात हे मऊ पडतात, म्हणायची. मला ते घट्टे बघवत नसत.

कार्यक्रमाचा दिवस ताईचा शेवटचा दिवस होता. रचनेच्या शेवटी कागदावर एक चौकट होती. तिच्यात ताईचेच सगळे आवाज, आणि सूचना अशी की वादकाने हवं तितक्या वेळा हे वाजवावं, तोवर हाताने ताल देणाऱ्या संचालकांनी थांबावं. तालमीत ताई शहाण्यासारखी चार वेळा वाजवून, झालं अशी खूण म्हणून मान वर करायची.

त्या दिवशी चार फेरे झाले. पाच झाले. मी विंगेत ढकलगाडी धरून उभा होतो, कारण मध्यंतरानंतर हार्पचं काम नव्हतं आणि तो लगेच उचलायचा होता. आठ झाले. संचालकांचे हात हवेतच राहिले. व्हायोलिनवाल्यांचे गज तारांवर टेकून खोळंबले. लोकांना वाटलं असेल रचनाच अशी आहे. मला माहीत होतं काय चाललंय ते. ती मान वर करत नव्हती. खालच्या तारा गडगडल्या, किल्लीखाली सूर घसरत गेला, पायाची धप झाली, आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू. अठरानंतर मी मोजायचं सोडून दिलं.

शेवटी तिने मान वर केली. टाळ्या झाल्या, पडदा पडला, मंडळी चहाला गेली. ताई जागची हलली नाही. हार्प अजून तिच्या उजव्या खांद्यावर रेललेला होता. व्यवस्थापक समोरच्या विंगेतून मला खुणा करत होते, उचल, उचल. मी गाडीच्या चाकाचं काहीतरी बिघडलंय असं दाखवून खाली वाकलो, आणि जमेल तितका वेळ वाकलेलाच राहिलो.