वाकड्या बोटाचं कबुतर

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. चौथीपर्यंतच शिकले, माफी असावी. पण ही केस अजून डोक्यातून जात नाही आणि रागही उतरत नाही, म्हणून लिहिते.

लष्कर शहराच्या कोतवालीत मी बायकांची झडती घेणारी शिपाई होते. संस्थान नुकतंच मध्य भारतात विलीन झालं होतं. कुठली वस्तू राजवाड्याची, कुठली सरकारची, याच्या याद्या चालल्या होत्या. त्यात एक चित्र सापडेना. निकोबार बेटांवरचं कबुतर, हिरव्या-तांबूस रंगाची पिसं, शेपटी पांढरीशुभ्र. संस्थानच्या चिडियाघरात तसं एक आलं होतं. दरबारच्या चित्रकार मास्तरांनी पिंजऱ्यासमोर बसून ते काढलं होतं.

याद्या करणाऱ्या साहेबांच्या कारकुनाने खबर दिली, "चित्र मास्तरांच्याच घरी आहे." नया बाजारातल्या त्या घरात बायका होत्या, म्हणून मला आत पाठवलं. चित्र नव्हतंच. धान्याच्या पेटीमागे एक गुंडाळी मिळाली, पक्ष्याच्या रेषांवरून सुईने टोचलेला कागद.

कोतवालीच्या दरोगासाहेबांनी तो उजेडात धरला. "बाई, ये छलनी काहे को उठा लाई?" आणि फळीवर फेकला.

तो खाका होता. आम्ही रांगोळीचा कागद टोचतो तसाच. वरून कोळशाची पूड थोपटली की खाली रेषा उमटतात. मला बघताक्षणी कळलं. पण खोलीत सगळे पुरुष. मी गप्प राहिले.

तीन दिवस मास्तरांना बाकावर बसवलं.

"कितने में बेचा?"

"साहेब, तो पक्षी मेला. बेटांवरही थोडेच उरलेत म्हणतात. त्याचं चित्र मी विकेन?"

"देखो, चिड़िया का बाप आया है!" सगळे हसले. मास्तरांना सोडलं, पण चोर म्हणूनच. चित्राची किंमत त्यांच्या पेन्शनीतून दरमहा कापायचा हुकूम निघाला.

चैत्रात त्याच याद्यावाल्या साहेबांच्या घरी हळदीकुंकू होतं. कोतवालीतल्या आम्हा मराठी बायकांनाही बोलावणं होतं. गौर झोपाळ्यात, पुढे फराळाची आरास, आणि मागे भिंतीला ते कबुतर!

"वहिनी, हे कुठलं हो?"

"अगं, यांच्या ट्रंकेत पडून होतं. म्हटलं, गौरीमागे शोभेल. हे दौऱ्यावर आहेत, आले की चकित होतील बघ!"

कबुतराच्या डाव्या पायाचं मधलं बोट वाकडं होतं. खाक्यातही तसंच होतं. कैरीची डाळ तशीच ठेवून मी उठले.

सकाळी दरोगासाहेबांसमोर उभी राहिले. "साहेब, फळीवरचा कागद काढा."

सगळं ऐकून ते ओरडले, "पहले मुँह में दही जमा था?"

खरंच होतं ते, तेव्हाच बोलायला हवं होतं.

साहेबांच्या घरून चित्र आणवलं आणि पंचांसमोर खाका त्यावर ठेवला. भोक न् भोक रेषेवर बसलं, वाकडं बोटसुद्धा. मास्तर हळूच म्हणाले, "पिंजऱ्याच्या दारात चेंगरलं होतं बिचाऱ्याचं."

याद्यावाले साहेब म्हणाले, नजरचुकीने सामानात आलं. झालं! म्हाताऱ्याला तीन दिवस बाक, आणि यांना नुसती बदली. झडतीत हात चालतात तशी जीभही चालली पाहिजे, हे मी तेव्हा शिकले. पण ती किंमत मास्तरांनी मोजली.

कपात थांबली, परतावा मात्र अडला. मध्य भारत जाऊन मध्य प्रदेश झाला, फाइल भोपाळला गेली. मी मास्तरांबरोबर खेटे घातले. अखेर खजिन्याच्या खिडकीत बाबू म्हणाला, "पूरे हैं मास्टरजी, गिन लो."

"और चोर बोले थे, उसका क्या?" मी विचारलं.

बाबूने पुढच्या माणसाला हाक मारली.

मास्तरांनी तिथेच उभं राहून पैसे मोजले. पैन् पै पूर्ण होती.