टपाची आठ भोकं आणि बादलीभर पाणी

मंडळी, आज जीपच्या टपावरचं कॅरिअर काढलं. दुष्काळात ऊसच नाही, आपला सहकारी कारखाना बंद. शिरूर कासारहून ऊसतोडीच्या टोळ्यांचं सामान न्यायचं कामच यंदा नाही. मग ते वजन कशाला वागवायचं?

कॅरिअर निघालं, टपाला आठ भोकं राहिली. मेकॅनिक रफिकभाईंनी गंज खरवडला, प्रत्येक भोकात रबरी वायसर घालून बोल्ट कसला, वरून सीलंट लावलं. दुपारी सीलंट वाळल्यावर ते म्हणाले, "आता बादलीभर पानी वता. गळतंय का बघू."

आमच्याकडं टँकर पाच दिवसांनी येतो. मी बायकोकडं बघितलं.

"भांडी धुतल्यालं हाय, ते घ्या," ती म्हणाली. "पन ते लिंबाच्या झाडाला ठिवलं व्हतं."

मी टपावर पाणी ओतलं. ती जीपमध्ये बसून वर बघत होती. मागच्या एका भोकातून धार लागली.

रफिकभाई सीलंटची नळी घेऊन धावले.

"थांबा बरं जरा," ती म्हणाली आणि मांडीवरचं पातेलं धारेखाली धरलं. "आधी समदं पडू द्या."

रफिकभाई नळी हातात धरून उभे राहिले.

तुमच्याकडं काही गळायला लागलं, तर आधी भोक बुजवता, का पातेलं लावता?