विठ्ठलवाडीचं विद्युत शेत

जूनपासून माझ्या वर्गाला भौतिकशास्त्राचं कुठलं पुस्तक लावायचं, हे मला सोमवारी विभागात सांगायचं होतं. नेहमीचं विकतचं गाईड, की माझी मैत्रीण अलका विठ्ठलवाडीजवळच्या तिच्या कॉलेजात शिकवते ते मुक्त पुस्तक? नेटवरून कुणीही फुकट उतरवून घ्यावं, हवं ते बदलावं. फुकट ते पौष्टिक म्हणणाऱ्यांतली मी नाही. पण आमची कितीतरी मुलं पुस्तकाशिवायच वर्ष काढतात, तेही बघवत नाही. तेव्हा शनिवारी नौपाड्यातून स्कूटर काढली.

तुम्हीही या बाजूने जाणार असाल तर सकाळी लवकर निघा. मुंब्रा बायपासवर कंटेनरच्या मागून गुमान चालायचं, ओव्हरटेकचा मोह आवरायचा. शीळफाट्याला चहा आणि वडापाव घेतला. लसणीची चटणी मागून घ्यावी लागते. पुढे कल्याणपर्यंत रस्ता खोदलेला, धूळ इतकी की ओढणीचा रंग बदलला. तरी मजेत होते.

अलकाने मला तिच्या वर्गात मागच्या बाकावर बसवलं. मुलं मोबाइलवर वाचत होती, शेजारच्या तिघांत मिळून एकच फोन. मध्येच रेंज गेली, तशी अलकाने झेरॉक्स वाटल्या. म्हणजे फुकट पुस्तकालाही कागद लागतोच! मी झेरॉक्स चाळली आणि एका शब्दावर अडकले.

"अलका, हे काय गं? विद्युत शेत?"

"अगं, मराठी मशीनने केलंय. फील्ड दिसलं की शेत! मी तपासलेलं, हे राहिलं बघ."

"आणि पोरांनी परीक्षेत शेत लिहिलं तर? मार्क त्यांचे जाणार ना!"

मी चिडलेच होते. तेवढ्यात शीळफाट्याजवळच्या गावातली प्राजक्ता उभी राहिली. "मॅडम, आमचे शेतान लायटीचा टावर हाय. मना वाटला, त्याचंच लिवलंय."

वर्ग खो खो हसला. ती मात्र हसली नाही. "पावसान तारांखाली छत्रीची दांडी धरली का हाताला मुंग्या येतान. ते याच्यामुलंच का?"

याच्यामुळेच! इतकी वर्षं मी हा धडा शिकवते आहे, गाईड वाचून असं मला कुणी विचारलं नव्हतं. मला फार आनंद झाला. अलकाने तिथल्या तिथे 'शेत' खोडून 'क्षेत्र' केलं आणि छत्रीचं उदाहरण प्राजक्तालाच नेटवरच्या पुस्तकात लिहायला सांगितलं.

दुपारी दोघींनी उल्हासनगरच्या हद्दीवर सिंधी दाल पकवान खाल्लं. खिशाला परवडतं आणि संध्याकाळपर्यंत भूक लागत नाही.

"पण हे सगळं तपासायचं कुणी?" मी विचारलं. "पगारात तर ते धरलेलं नाही."

"म्हणून तर तुला बोलावलं. अर्धे धडे तू घे."

खाल्ल्या दालीला जागावं लागणार, हे तेव्हाच कळलं.

घरी येऊन पाय धुतले आणि नेटवर पुस्तक उघडलं. छत्रीचं उदाहरण आलेलं होतं, प्राजक्ताच्या शब्दांत, एका ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीसकट. सोमवारी या पुस्तकाला होच सांगायचं ठरवलं, पण मुलांच्या हाती देण्याआधी प्रत्येक पान आपण वाचायचं, या अटीवर. मग पुढचा धडा काढला. मथळा होता 'विद्युत वर्तमान'. मशीनने करंटचं वर्तमान केलं होतं! एकटीच हसले, आणि 'धारा' असं दुरुस्त केलं.

खाली दुरुस्ती करणाऱ्याचं नाव विचारलं होतं. तिथल्या यादीत शेवटचं नाव प्राजक्ताचं होतं. त्याच्याखाली मी माझं लिहिलं.