रामलिंग मिस्त्रीचा कान

लातूरच्या औसा रोडला ट्रक दुरुस्तीच्या दुकानांत रामलिंग मिस्त्रीचं नाव निघालं, की आधी त्याच्या कानाची गोष्ट निघायची. गाडी फाटकातून आत येईस्तोवर हा बाजेवर बसून चहा पीत राहायचा आणि ड्रायव्हर खाली उतरायच्या आत सांगायचा, कोणता नोझल गेलाय ते. लोक पार बिलोलीहून गाड्या घेऊन यायचे. गडी कौतुकाचा लई भुकेला होता, हेही सांगून टाकतो. कुणी कानाची तारीफ केली की दुसरा चहा मिस्त्रीकडून ठरलेला.

आणि त्याचाच कान गेला. सगळा जन्म इंजिनाच्या उशाशी काढलेला माणूस, दुसरं काय होणार? आधी मोबाइलची रिंग ऐकू येईना, मग कुकरची शिट्टी. बायको केवळाबाई शेजारी गेली की घरात डाळ करपायची आणि हा तिथंच बसलेला असायचा. शेवटी लातुरात कुणी बघू नये म्हणून तो नांदेडला डॉक्टरकडं गेला. डॉक्टरनं तपासून सांगितलं, जाड आवाज अजून ऐकू येतात, बारीक आवाज गेले, कानाला मशीन लावा. मशीन लावलेला मिस्त्री औसा रोडवर कसा बसणार? त्यानं डॉक्टरची चिठ्ठी बसस्टँडवरच फाडली आणि घरी येऊन केवळाबाईला पोरीची शपथ घातली, की ही गोष्ट ह्या घराबाहेर जाता कामा नये. त्या माउलीनं ती पाळली.

ती पोर म्हणजे उज्वला, मुरुडला दिलेली. जावई श्रीमंत नावाचा, स्वतःच्या ट्रकचा स्वतःच ड्रायव्हर. सालस माणूस. सासऱ्यापुढं खुर्चीवर बसतानासुद्धा अंग चोरायचा. त्याच्या ट्रकला सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन होतं, जुनं पण दणकट. डिझेलचा पंप बाद झाला तेव्हा श्रीमंतनं ठरवलं, आता गाडी गॅसवरच करून घ्यायची. अशी कामं करणारी पुनम नावाची पोरगी नांदेडला होती. डिप्लोमा झालेली, हाताला काळं लागायचा कंटाळा नसलेली. श्रीमंत तिला मामांच्या, म्हणजे सासऱ्याच्या दुकानात घेऊन आला, कारण मामांना डावलून इंजिनाला हात लावणं त्याला पटलं नसतं.

डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. गॅसवर करायचं तर डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या जागी स्पार्क प्लग बसवायचे, आणि ठिणगी कधी पडायची हे कुणीतरी ठरवायचं. तिथंच दोन वाटा फुटल्या. एक जुनी वाट, पंपाच्या जागी डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे सगळ्या प्लगांना पाळीपाळीनं ठिणगी पोचवणारा. तो हातानं फिरवून, इंजिनाचा आवाज ऐकून टायमिंग लावायचं आणि बोल्ट आवळायचा. दुसरी वाट पुनमची. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल, आणि सगळ्यांवर एक कॉम्प्युटर. ठिणगी वेळेच्या आधी पडली तर आतला गॅस भलत्याच वेळी भडकतो आणि पिस्टनच्या डोक्यावर बारीक खडे मारल्यागत टिणटिण आवाज येतो. त्याला नॉकिंग म्हणतात. टर्बो जोरात हवा कोंबत असताना ते नॉकिंग पिस्टन खाऊन टाकतं. पुनमचं म्हणणं असं, की ब्लॉकला एक सेन्सर बसवू, त्याला नॉकिंग कळलं की कॉम्प्युटर आपोआप टायमिंग मागं घेईल, ठिणगी जरा उशिरा पाडील.

"काका, हा सेन्सर म्हणजे इंजिनाचा कानच समजा," ती म्हणाली.

ती बिचारी समजावून सांगायला गेली आणि हा आतून पेटला. खरं तर क्षणभर त्याच्या मनात आलंही होतं, की बरं होईल, ऐकायचं काम सेन्सर करील आणि आपली झाकली मूठ झाकलीच राहील. अरे बाबा, तीच तर सावरायची वेळ होती! पण मग त्याला दिसलं, की ही पोरगी लॅपटॉप मांडीवर घेऊन टायमिंग लावून राहिली आणि आपण बाजूला पाने पुसत बसलोय. आज ही गाडी, उद्या सगळ्या गाड्या. तो म्हणाला, सेन्सर पावसात गेला तर गाडी किनवटच्या जंगलात उभी राहील, तिथं कोण लॅपटॉप घेऊन जाणार? बोलणं अगदीच खोटं नव्हतं, म्हणून तर ते पटलं. श्रीमंतला मनातून कॉम्प्युटर हवा होता. पुनमनं दोनदा त्याच्याकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली आणि मामा म्हणतील तसं, एवढंच बोलला.

डिस्ट्रिब्यूटर बसला. रामलिंगनं सगळ्या रोडसमोर टायमिंग लावलं. एक हात डिस्ट्रिब्यूटरवर, डोळे मिटलेले, शेजारपाजारचे मिस्त्री काम टाकून बघायला आलेले. इंजिनाची घरघर त्याला छातीपर्यंत ऐकू येत होती. दुसरं काही ऐकू येत नव्हतं, म्हणजे दुसरं काही नाहीच, असं त्यानं धरून घेतलं. मनाला फसवायचं म्हटलं की माणसाला कुणाची मदत लागत नाही. त्यानं बोल्ट आवळला.

मग गाडीत पोती भरून सासरा-जावई दोघं मुरुडच्या रस्त्याला ट्रायलला गेले. चढावर श्रीमंतनं पाय दाबला, टर्बोनं जोर धरला, गाडी अशी निघाली की रामलिंग खूश झाला. श्रीमंतनं मात्र पाय थोडा काढला, पुन्हा दाबला आणि मामांच्या तोंडाकडं पाहिलं. रामलिंगला वाटलं, जावई शाबासकी द्यायला लाजतोय. त्यानं बोटांनी झकास म्हणून खूण केली. श्रीमंत हसला आणि रस्त्याकडं बघायला लागला.

दोन हप्ते गाडी चालली. मग सोयाबीन भरून नांदेडला जाताना अहमदपूरच्या पुढच्या चढावर इंजिन भर दुपारी जागीच जाम झालं. गाडी मागं सरकू नये म्हणून श्रीमंत चाकाला दगड लावायला खाली उतरला. मागून येणाऱ्या टेम्पोनं त्याला गाडीवरच दाबलं. जीव वाचला. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

गाडी ओढून लातूरला आणली. रामलिंगनं सगळ्यांना घरी घालवलं आणि एकट्यानं इंजिनाचं हेड उघडलं. चार पिस्टनांची डोकी उंदरानं भाकर कुरतडावी तशी खाल्लेली होती आणि पाचव्याला आरपार भोक होतं. असं एका दिवसात होत नाही. रोज थोडं थोडं होतं, आणि रोज आवाज करत होतं. कोणत्याही मिस्त्रीनं ओळखलं असतं. त्यानं तो पाचवा पिस्टन फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला आणि लहान पोरागत रडला.

नांदेडच्या दवाखान्यात जायला त्यानं आणखी आठ दिवस लावले. जनरल वॉर्ड, दोन्ही बाजूंनी खाटा, नातेवाइकांचा गलका. उज्वला नवऱ्याच्या उशाशी बसलेली होती, बापाला बघून उठली. श्रीमंतनं सवयीनं पाय आवरून घ्यायला पाहिलं आणि तसाच पडून राहिला. मग तो हळू आवाजात बराच वेळ काहीतरी बोलला. रामलिंगला त्याचे ओठ हलताना दिसत होते. एरवी त्यानं हाव हाव म्हणून मान डोलवून वेळ मारून नेली असती. पण चादरीखाली एका बाजूला काहीच नव्हतं, आणि त्याच्या तोंडून हाव निघेना.

"काय म्हणाले जावईबापू?" त्यानं पोरीला विचारलं.

उज्वलाला वाटलं गलक्यामुळं ऐकू आलं नसेल. ती मोठ्यानं बोलली. "ते म्हणतेत, तुमचा काही दोष न्हाई, अप्पा. आवाज ट्रायलच्या दिवसापासूनच येऊन राहिला होता. टिणटिण. मामांना ऐकू येत असंलच, ते गप हायत म्हणजे काळजीचं न्हाई, असं समजून मी गाडी चालवत राहिलो. चूक माझीच हाय, म्हणतेत."

रामलिंगनं खाटेच्या लोखंडाला धरलं. बाहेर निघून जावं असं त्याला फार वाटलं. पण जावयानं स्वतःच्या अंगावर घेतलेलं ते ओझं तिथंच टाकून जाणं त्याला जमलं नाही.

"मला ऐकू येत न्हाई, बापू," तो म्हणाला. "तवाबी येत नव्हतं."

श्रीमंतचे डोळे त्याच्या तोंडावर खिळले. थोड्या वेळानं त्यानं मान भिंतीकडं वळवली. उज्वला बापाकडं बघत उभी राहिली, मग खाली बसली आणि नवऱ्याचा हात हातात घेऊन काहीतरी बोलली, अगदी हळू. ते रामलिंगला ऐकू आलं नाही, आणि पुन्हा विचारायची त्याची हिंमत झाली नाही.