तोफेच्या पायावरचा मासा

मासळीबाजारात तिला सगळे ‘तोफ’ म्हणत. तिनं हाळी दिली की पलीकडच्या गल्लीतलं मांजर दचकायचं. पण उभं राहून राहून पायाच्या शिरा तटतटल्या, घोट्यावर जखम झाली आणि ती काही केल्या भरेना. वर्षभर तोफ घरात गंजत पडली. बाजारातल्या तिच्या ओट्यावर सून बसायची आणि गिऱ्हाइकाला हळूच विचारायची, "परवडेल ना हो तुम्हाला?" ऐकून तोफेचा जीव तीळतीळ तुटायचा.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "माशाची कातडी लावून बघू. शुद्ध करून वाळवलेली असते. तिच्या आधारानं तुमची कातडी वाढेल. जखम भरली तर ओटा, नाहीतर घर."

"जन्मभर मी माशांना सोललं, आता मासा मला झाकणार होय!" तोफ अशी गदगदा हसली की सिस्टरला पट्टी बांधता येईना.

थोड्या दिवसांनी पट्टी सैल झाली. तोफेनं आत डोकावलं. पिवळट, बुळबुळीत! "नासला गं बाई!" नासका मासा तिनं कधी गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारला नव्हता, मग स्वतःच्या पायावर कसा ठेवणार? नळाखाली पाय धरून सगळं खरवडून काढलं.

सिस्टरनं कपाळावर हात मारला. "अहो मावशी, नासला नव्हता, मुरत होता! जखमेत विरघळायचाच असतो तो."

"मग आधी सांगायचं की!"

"सांगितलं होतं. तुम्ही हसत होतात."

दुसरी कातडी लागली. आता पहाऱ्याला सून.

"आई, हात वर!"

"अगं, नुसती खाजवतेय."

"हात वर म्हणते ना!"

सुनेचा आवाज ऐकून शेजारीण दारात धावत आली. तोफ सुनेकडे बघतच राहिली. एवढा दारूगोळा हिनं ठेवला होता कुठे?

शेवटची पट्टी सुटताना तोफेनं डोळे गच्च मिटले.

"बघा तरी," सिस्टर म्हणाली.

जखमेच्या जागी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, गुलाबी कातडी.

"घट्ट मोजे घालायचे, पाय कोरडा ठेवायचा आणि बसून विकायचं," डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

दुसऱ्या दिवशी ओट्यावरून सून उठायला लागली. "बसा आई, तुमची जागा."

"उठतेस कशाला? सरक जराशी."

अर्ध्या तासात दोघींची माशांच्या भावावरून जोरदार जुंपली. गिऱ्हाइकं मासे घ्यायचे विसरून ऐकत उभी राहिली.