सरडा म्हणायचं नाही

अरबी मुलखात, यान्बूच्या कामगार कॅम्पात आमच्या फोरमनच्या खोलीत दोन सरडे मोकळे राहायचे. खिडकीपासून कपाटापर्यंत त्याने वाळक्या फांद्या बांधल्या होत्या. त्यांवर फवाऱ्याने पाणी मारता मारता तो मला बजावायचा, “सरडा नाही, शॅमेलिऑन म्हण. आणि मुक्या जिवाला कधी कोंडू नये.” आमचे सगळ्यांचे पासपोर्ट मुदीरने, म्हणजे मॅनेजरने, ऑफिसच्या कपाटात कोंडून ठेवले होते, त्यावर मात्र तो चकार शब्द काढत नसे.

माणूस बोलायला गोड. आमच्याशी चिपळूणकडचं मराठी, पंजाब्यांशी ‘ओय पाजी’, आणि मुदीरसमोर दर वाक्याला ‘इन्शाल्ला’.

“लोकांना वाटतं, हा भिंत बघून रंग बदलतो,” तो सांगायचा. “साफ खोटं. चिडला की काळा पडतो. मनात एक, अंगावर दुसरं, असं ह्याला जमतच नाही.”

ऐन उन्हाळ्यात आमच्या खोल्यांमधले एसी बंद पडले. “उद्या काम बंद. सगळे माझ्यामागे उभे राहा, मुदीरशी मी बोलतो,” असं त्यानेच ठरवलं. सकाळी आम्ही घोळक्याने ऑफिसपुढे उभे राहिलो. मुदीर बाहेर आला. “क्या प्रॉब्लेम?”

“कुछ नहीं साहब,” आमचा फोरमन हसून म्हणाला, “सब गुड मॉर्निंग बोलने आए हैं. यल्ला, चलो काम पे!”

आठवड्याभरात एसी आला. एकच, त्याच्या खोलीत. आम्ही बघायला गेलो, तर दोन्ही सरडे फांदीवर काळेठिक्कर.

“चिडलेत वाटतं,” मी म्हणालो.

“छे रे,” तो म्हणाला, “नवा एसी जरा जास्तच गार आहे.”