जुन्या मापाची चकती

माझ्या सासूबाई, भागम्मा, पेडगावात ब्लाउज शिवतात. मी त्यांना आत्या म्हणते. कुठल्याच बाईच्या अंगाला त्यांनी कधी टेप लावला नाही. बाईनं अंगाला नीट बसणारं एक जुनं ब्लाउज आणून द्यायचं, त्यावरून आत्या कापणार. फक्त बाळंतीण बाई बाळंतपणाआधीचं ब्लाउज घेऊन आली की तिला चारचौघींत झापायच्या. अंग बदललं, मग माप का नाही बदललं, म्हणून. फटकळच बाई. मला त्याचा राग यायचा, हेही आताच सांगून टाकते.

मागच्या वैशाखात संभाजीनगरला त्यांच्या आतड्याचं ऑपरेशन झालं. पोटावर डाव्या बाजूला आतड्याचं तोंड बाहेर काढलं, लालभडक, ओलसर. आता शौच तिथूनच, पोटाला चिकटवलेल्या पिशवीत. दवाखान्यातून घरी सोडायच्या दिवशी सिस्टर सगळं शिकवायला आल्या. माझे मिस्टर, मल्लेश, औषधांच्या रांगेत होते. आत्या चेहऱ्यावर पदर ओढून भिंतीकडे बघत होत्या. आणि मी? मला मळमळायला लागलं म्हणून दाराबाहेर जाऊन उभी राहिले. सिस्टर एकट्याच बोलत राहिल्या. त्यांनी काय सांगितलं ते आम्हा दोघींपैकी एकीनंही ऐकलं नाही.

घरी आल्यावर आत्यांनी आपल्या पद्धतीनं सोय लावली. पिशवीच्या चिकट चकतीला मधोमध भोक कापावं लागतं, आतड्याच्या तोंडाभोवती बसेल असं. सिस्टरनी कापलेल्या पहिल्या चकतीवरून आत्यांनी साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचं माप करून ठेवलं. दर खेपेला पुठ्ठा ठेवायचा, पेनानं गोल काढायचा आणि कात्री चालवायची. मला बोलवायच्या नाहीत, आणि मीही जायचे नाही.

महिना-दीड महिन्यानं पिशवी गळायला लागली. चकती कडेनं सुटायची, साडी खराब व्हायची, घरभर वास. आत्यांनी शिवण बंद करून मशिनीवर कापड टाकलं आणि मागच्या खोलीत राहायला लागल्या. आम्ही लिंगायत; गळ्यात इष्टलिंग असलं की आमच्यात विटाळ मानत नाहीत, तरी सकाळची लिंगपूजा त्या चोरी केल्यासारखी घाईत उरकायच्या. मी काय केलं, तर उदबत्त्या आणल्या. एका वेळी पाच-पाच लावायचे, त्यांच्या डोळ्यांदेखत.

श्रावणातल्या एका सोमवारी गल्लीतल्या बायका आमच्याकडे जेवायला होत्या. शेजारच्या कमलबाईंनी मला विचारलं, महेश्वरी, भागम्मा कुठं दिसेना. मी भात वाढता वाढता सांगितलं, लातूरला लेकीकडं गेल्यात. मागच्या खोलीचं दार दोन हातांवर होतं. बायका तासभर बसल्या, हसल्या, आणि तेवढा वेळ आतून साधी बांगडी वाजली नाही. तेव्हा मला हायसं वाटलं. लाज नंतर वाटली, ती अजून जात नाही.

बायका गेल्यावर आत्यांचं ताट घेऊन आत गेले. त्या पिशवी बदलत होत्या. पदर ओढायच्या आत मला पोट दिसलं. तोंडाभोवतीची कातडी भाजल्यासारखी सोलून निघाली होती. एवढी आग सोसून ही बाई गप्प होती. मी ताट खाली ठेवलं, दवाखान्याच्या फाइलवरचा नंबर शोधला आणि फोन लावला.

सिस्टरनी पहिलंच विचारलं, शेवटचं माप कधी घेतलं? ऑपरेशननंतर तिथं सूज असते, ती दीड-दोन महिन्यांत उतरते आणि तोंड लहान होत जातं. म्हणून दर आठवड्याला मोजायचं. भोक मोठं राहिलं की उघड्या कातडीवर घाण लागते आणि कातडी जळते. सांगितलं होतं की मी, त्या म्हणाल्या. मोजायचं कार्डही दिलं होतं, लहान-मोठ्या गोल भोकांचं. ते फाइलच्या कप्प्यात कोरं करकरीत पडून होतं.

कार्ड घेऊन जवळ बसले तर आत्यांनी माझा हात धरला.

"राहू दे. तुला वकारी येती. दवाखान्यात बी दाराबाहीर हुतीस."

त्यांना सगळं माहीत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आली तर येऊ द्या," मी म्हटलं. "तुमी झोपा सरळ."

कोमट पाण्यानं पुसलं, कोरडं केलं, आणि कार्डातलं एकेक भोक लावून पाहिलं. ज्यात ते न दाबता बसलं आणि भोवती जेमतेम रेघभर कातडी दिसली, ते तीस मिलिमीटरचं होतं. पुठ्ठ्याचं भोक मोजलं, ते पंचेचाळीस. वकारी काही आली नाही.

आत्यांनी पुठ्ठा हातात घेतला, उलटासुलटा केला. इतके दिवस पोटाची लाज होती, आता वेगळीच लाज चेहऱ्यावर आली.

"बाळंतिणीचं जुनं झंपर हाय ह्ये," त्या म्हणाल्या. "दुसरीनं आनलं असतं तर म्या दारात उभं केलं नसतं."

आणि रडल्या. नवी चकती मात्र त्यांनीच कापली. कड कुठं वेडीवाकडी गेली नाही.

आठ दिवस पिशवी गळाली नाही. कातडीवर खपली धरली. नवव्या दिवशी सकाळी आत्यांनी मशिनीवरचं कापड काढलं, आणि नेमक्या तेव्हाच कमलबाई ब्लाउजपीस घेऊन दारात.

"भागम्मा, लातूरहून कवा आलीस गं?"

मी परात घेऊन मधल्या दारात तशीच उभी राहिले. आता आत्या माझं बिंग फोडणार, आणि त्यांचा तो हक्कच होता. मी मान खाली घातली. आत्यांनी सुईत दोरा ओवला. माझ्याकडे बघितलंही नाही.

"आजच, सकाळच्या येष्टीनं," त्या म्हणाल्या. "लेक सोडंनाच. हितलं समदं महेश्वरीनं बघितलं."

मी आत जाऊन नळ सोडला, रडणं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून, आणि बराच वेळ तो बंद केला नाही.